सीझन तिकीट

ऐरोली. सातवा मजला. पहाटेचे साडेतीन.
ते पुन्हा हरले, हे मला
हेडफोनमधल्या श्वासावरून कळतं.

तीन जिंकले, चौदा हरले.
खेळ मला अजून समजलेला नाही.
नाव फुटबॉल, आणि चेंडू काखेत मारून पळतात,
दहा यार्डांसाठी चार-चार वेळा माती खातात.
सप्टेंबरात हेच लोक म्हणत होते, यंदा आपलंच.
आता पैसे परत हवेत.
मी वाचून दाखवते : आम्हाला खेद आहे.
आम्हाला म्हणजे कोणाला गं, प्रणोती?

आज एक म्हातारा. खुर्च्या अकरा आणि बारा.
रद्द करायच्या का, विचारलं.
"छे! छत्तीस वर्षं झाली.
फक्त बारावर हल्ली माझा कोट असतो.
तिचे थोडे कमी होतील का?"
नियमात बसत नव्हतं.
तसं सांगितलं.
बराच वेळ त्याने फोन ठेवला नाही,
मीही नाही.

सहाला खाली गाडी.
खाडीकडून चिखलाचा वास, काचेवर दव.
हिराजी दर सोमवारी विचारतो तसं विचारतो,
"आपले जिंकले?"
नाही रे.
तो गिअर टाकतो.
"क्वार्टरबॅक बदला म्हणावं, मॅडम.
कधीचा सांगतोय."