ठसे

यंत्र म्हणालं, पुन्हा.
मी पुन्हा अंगठा टेकवला काचेवर.
यंत्र म्हणालं, पुन्हा.
काउंटरमागची मुलगी हसली नाही, हे तिचे उपकार.
"काम काय करता?"
मासे, म्हटलं. एकवीस वर्षं. कापते, काटे काढते,
बर्फात हात घालते, बाहेर काढते, परत घालते.
"मग बरोबर," ती म्हणाली,
"तुमच्या बोटांवर काही उरलंच नाहीये."

लोकांची घरं विकायचा परवाना हवा
तर आधी सरकारला पटवायचं
की आपण कुठे चोरी केली नाही, कुणाला बुडवलं नाही.
भरवशाने साक्षीला न्यावा
आणि साक्षीदारच मुका निघावा, तशी माझी बोटं.

परीक्षा त्यामानाने सोपी गेली.
अभ्यास केला कापायच्या टेबलाशीच.
पलीकडून डोरीन ओरडून विचारायची, यंत्रांच्या घरघरीवर:
"वहिवाट म्हणजे?"
जमीन तुझी, पण पायवाट शेजाऱ्याची.
"बोजा म्हणजे?"
घर विकलं तरी घराला चिकटून राहतं ते.
"म्हणजे माझा नवरा," डोरीन म्हणायची
आणि अख्खी रांग हसायची, रबरी एप्रन हलवत.

स्थावर आणि जंगम यात मात्र मी दोनदा चुकले.
पुस्तक म्हणतं, जे खिळ्याने ठोकलंय ते घराचं,
जे उचलता येतं ते माणसाचं.
पडदे तुमचे, पडद्याचा दांडा घराचा.
आरसा टांगलेला असेल तर न्या, जडवलेला असेल तर गेला.
मला आठवत राहिली टेकडीवरची भाड्याची पिवळी जागा,
दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने मापलेली
माझ्या एरिकची उंची, तिसऱ्या वर्षापासून अकराव्यापर्यंत.
मालकाने घर काढलं विकायला.
पाटी घेऊन आलेला माणूस फार गोड बोलला.
तीस दिवस, म्हणाला.
चौकट ठोकलेली होती. राहिली.
उंची कुणाची, ते पुस्तकात नाही.

पंधरा दिवस हात पाण्यात घालू नका,
रात्री मलम चोळा, मोजे चढवून झोपा,
असं त्या मुलीने कागदावर लिहून दिलं.
पंधरा दिवसांचा पगार गेला.
भांडी एरिकने घासली, वाईट घासली.
सकाळी खिडकीशी बोटं धरून बघायची मी.
खाली धक्क्यावर समुद्रसिंह भुंकत असायचे,
ओहोटीची कोलंबिया मागे सरकत असायची.
अकराव्या दिवशी दिसली, उजव्या तर्जनीवर
एक रेघ, तिच्या आत आणखी एक,
पाणी उतरल्यावर चिखलावर उरतात तशा.
मी समजले होते झिजल्या.

तिसऱ्या खेपेला यंत्र काही बोललं नाही.

परवाना पोस्टाने आला. मार्लिस निएमी, स्पेलिंगसकट बरोबर.
बाबा असते तर म्हणाले असते, शेवटी दलाल झालीस.
आमच्या फिनिश घरात तो शब्द
थुंकून झाल्यावर उच्चारायचे.

पहिलं घर दाखवलं ते आमच्याच टेकडीवरचं.
पोर्टलंडहून आलेलं जोडपं, तिला सातवा महिना.
त्यांना खिडकीतला लांबलचक पूल आवडला,
पाळणा कुठे ठेवायचा तेही ठरलं.
ऑफिसातला ग्लेन मागे उभा, माझ्या तोंडाकडे बघत.
त्यांनी विचारायच्या आत मी सांगून टाकलं,
ही टेकडी चालते. हिवाळ्यात, बोटभर.
खालच्या गल्लीतली दोन घरं तिने नेलीयत.
कागदावर आहे, पान सहा, पण कागद कोण वाचतं.
ग्लेन खोकला.
बाई पायाखाली बघू लागली.

ती दोघं गेली. फोन करतो म्हणाली, म्हणजे नाही.
मी दिवे मालवले, खिडकी ओढून घेतली,
काचेवर अंगठा उमटला, अख्खा, रेघांसकट.
पुसायला बाही वर नेली
आणि तशीच थांबले.
ठोकलेला नाही. पण उचलताही येत नाही.
डोरीनला विचारायला हवं.