उजवा खिसा

होबार्ट स्लोनची पँट माझ्याकडे आली मंगळवारी,
तपकिरी, रोजच्या वापरातली, गुडघ्यांवर विटलेली.
उजव्या खिशाच्या तळाला भोक,
खाली मांडीच्या बाजूला आणखी एक.
"खिळा लागला," तो म्हणाला
आणि फळीवरच्या बटणांच्या बरण्या बघत राहिला.

खिळ्याचं भोक मला ओळखू येतं.
त्याचे धागे एकाच अंगाला ओढले जातात.
याच्या कडा करपल्या होत्या,
अस्तराला काजळी,
आणि वास तो,
सुरुंगाच्या पाळीवरून बाबा घरी यायचे तेव्हाचा.
केंटकीच्या या कोपऱ्यात चाळीस वर्षं
मी उसवते आणि शिवते.
खाण बंद पडली,
खिशांचं वजन काही कमी झालं नाही.

"दाखव," मी म्हटलं.

माझ्या टेपशेजारी त्यानं ते ठेवलं.
कात्रीहून लहान.
पाच गोळ्यांचं नळकांडं, गुलाबी लाकडाची मूठ,
आणि चाप उघडाच.
भोवती कडी नाही, कुंपण नाही,
हिरडीतून डोकावणाऱ्या पहिल्या दातासारखा.

"कडी असती तर खिशात अडकलं असतं," तो म्हणाला,
"आणि चाप आत दबलेला असतो, ओलेटा,
घोडा ओढल्याशिवाय बाहेर येतच नाही.
सगळे सांगतात, यात धोका नाही."

सगळे सांगतात.
सगळ्यांच्या पँटी मी शिवत नाही.

चापाकडे बोट गेलंच नव्हतं त्याचं.
औषधांच्या दुकानाबाहेर, नात गाडीपाशी उभी,
त्यानं खिशातून किल्ल्या ओढल्या.
किल्ल्यांची कडी घोड्यात अडकली,
घोडा अर्धा उचलला गेला,
निसटला.
जिथे कडी हवी तिथे नव्हती,
जिथे नको तिथे होती.

घोडा म्हणतात त्याला.
घोड्याला लगाम लागतो,
निदान बांधायला खुंटा.
"दोन गोळ्यांच्या मध्ये खाच असते ना," मी विचारलं,
"घोडा तिथे टेकवून ठेवायचा असतो."
"ठेवला होता," तो म्हणाला.
मी सुईत दोरा ओवला.
"बहुतेक," तो म्हणाला.

मांडीचं साल गेलं, बाकी गोळी डांबरात.
मॅबरी सहा वर्षांची.
तिनं विचारलं, आजोबा, टायर फुटला?
तो हो म्हणाला. खिळा लागला.

म्हणजे खिळा तिथून आला होता.
एकदा कामी आला, म्हणून त्यानं
माझ्या दुकानापर्यंत आणला.

मी रफू केलं, बाहेरून दिसणार नाही असं.
मग न विचारता आतला खिसा उसवला.
माझ्या नवऱ्याचे जुने बूट होते, त्यांचं चामडं कापलं,
त्याच्या हत्याराच्या मापाचं घर शिवलं,
घोड्यावरून येणारी पट्टी, वर एक दाबबटण.
चामड्यातून सुई जात नव्हती,
अंगठ्याला टोपण असून रक्त आलं.
"यात दुसरं काही नाही," मी सांगितलं,
"किल्ल्या नाहीत, चिल्लर नाही, पेपरमिंटची गोळी नाही.
आणि खाच डोळ्यांनी बघायची.
बहुतेकनं नाही."

त्यानं हात घालून पाहिला.
"घट्ट आहे. पटकन निघायचं नाही."
"नाही," मी म्हटलं.

रफूचे सहा डॉलर. चामड्याचे मी घेतले नाहीत,
बूट तसेही पडून होते.
तो काही बोलला नाही, पैसे मोजून ठेवले,
किल्ल्या हातातच धरून बाहेर पडला.
पोरगी पुढच्या सीटवर, पाय वर घेऊन बसलेली.
दार उघडण्याआधी तो थांबला,
तिचं लक्ष आहे ना बघितलं,
आणि चाकाला बुटाच्या टोकानं
दोनदा हलकेच ठोकलं.