फुली

ओटिलिया बाईंनी त्या दिवशी फळ्याला हात लावला नाही.
सुताराकडून जुन्या पिंपाची तीन कडी आणली होती,
गंजलेली, हाताला तांबूस लागणारी.
व्यायामशाळेच्या फरशीवर ती मांडली
एकमेकांवर थोडी थोडी चढवून.
खिडकीबाहेर तो डोंगर,
ज्याला आमच्या दरीत तीन नावं आहेत
आणि जो एकालाही ओ देत नाही.

'ज्यांच्या घरी गाई, ते या कड्यात.
ज्यांच्या घरी स्कीवाले पाहुणे उतरतात, ते त्यात.
ज्यांचे वडील लाकूड कोरतात, ते तिसऱ्यात.'
विगिलकडे गाईही होत्या, पाहुणेही.
तो एक पाय इथे, एक पाय तिथे टाकून
फाकून उभा राहिला. सगळे हसले.
बाई म्हणाल्या, 'असं नाही रे.
दोन्ही पाय एकाच जागी ठेव.
ती जागाच दोघांची आहे.'

आमच्याकडे गाई नव्हत्या, पाहुणे नव्हते,
वडील पोस्टात शिक्के मारायचे.
मी भिंतीला टेकून राहिले.
बाईंनी पाहिलं. काही बोलल्या नाहीत.
खडू घेतला, गुडघ्यांवर बसल्या,
आणि भिंतीच्या कडेकडेने
अख्ख्या खोलीभोवती चौकोन काढत आल्या,
झगा पांढरा होईपर्यंत.
'तेक्ला, आता तू बाहेर नाहीस.
फक्त कड्यांत नाहीस.'

एका कोपऱ्यात कोणीच उभं नव्हतं:
गाई आहेत, वडील कोरतात, पण पाहुणे नाहीत.
तिथे त्यांनी आपली काळी शाल अंथरली.
ओस्वाल्डने विचारलं, कोण मेलं?
'कोणी नाही. काळं म्हणजे शोधून पाहिलं, कोणी नाही.
कोरं म्हणजे अजून माहीत नाही.
या दोहोंत गल्लत करू नका,
मोठी माणसं फार करतात.'

मग शेवटी भाषा.
एक कडं जर्मन, एक इटालियन, एक आमची लादिन.
'ज्याला जी येते तिथे पळा.'
एकोणीस मुलं एकदम मधल्या तुकड्यात.
तीन बाजूंची ती जागा,
जेमतेम पाटाएवढी.
कोपरं, वेण्या, ओस्वाल्डच्या तोंडाचा लसणाचा वास,
आणि चंद्रकोरी तिन्ही रिकाम्या.
बाईंनी शाल उचललीच नाही.
कडी सरकवत राहिल्या आत, आणखी आत,
आम्हाला नीट उभं राहता यावं म्हणून.

परवा कचेरीत कागद पुढे आला.
तीन चौकटी,
बोटभर अंतर राखून छापलेल्या.
'एकच,' कारकून म्हणाला,
आणि लखोटा सरकवला.
मी विचारलं, दोन्ही घरची असेल तर?
त्याने चष्मा पुसला. 'तरी एकच.'

बाई सांगायच्या, 'किंवा'ला दोन मनं असतात.
एक म्हणतं, हे घे, ते घे, हवं तर दोन्ही घे.
दुसरं म्हणतं, हे की ते, बोल लवकर,
मागे रांग आहे.
कागदावर दुसरं छापलेलं होतं.
मागे रांगही होती.

आई इटालियनमध्ये नाणी मोजते,
वडील जर्मनमध्ये रागावतात
आणि लादिनमध्ये माफी मागतात.
मी झोपेत काय बडबडते
ते विगिलला विचारा, त्याची झोपमोड होते.

पेन उघडलं.
एक तिरपी रेघ ओढली, चौकटीच्या कोपऱ्यापासून.
दुसरी तिच्यावरून न्यायची होती.
हात थांबला तो तिथेच,
जिथे त्या भेटणार होत्या:
एका टिंबापुरती जागा,
हिचीही, तिचीही.

कारकून म्हणाला, झालं का?
मी दोन्ही पाय जवळ घेतले
आणि रेघ पुरी केली.
कोणत्या चौकटीत ते सांगणार नाही.
लखोट्याला गोंद लावला आहे,
बोटाला मात्र अजून तांबूस लागतंय.