शंभर शब्दांत

फॉर्मवर नाव लिहून झालं : रेवती हासुराम मढवी.
पत्ता : घणसोली गाव. सेक्टर विचारतात, तोही लिहिला.
नोकरी : तासिका तत्त्वावर, मराठी, कनिष्ठ महाविद्यालय.
मे महिन्यात आम्हाला पगार नसतो
हे लिहायला रकाना नाही.
मग येतो मोठा चौकोन :
संशोधनाचा विषय, शंभर शब्दांत.
गेले नऊ दिवस तिथं
माझ्या पेनाचा एक ठिपका आहे.

विषय नाही असं नाही.
बुजलेल्या शेतांची नावं मी जमवते,
दूधवाल्याच्या हिशेबाची असते तसल्या वहीत.
चिमणखार. आंधळी. मावळणीचा तुकडा.
रुसवी, जी एक साल पिकायची आणि एक साल नाही.
भरणी पडली, बांध गेले,
उघाडीची लाकडी दारं कुणीतरी होळीत घातली.
नावं अजून काही म्हाताऱ्यांच्या तोंडात आहेत,
कवळी काढलेली असली
तर दोनदा विचारावं लागतं.

केळशीकर मॅडमनी वाशीच्या केबिनमध्ये वही चाळली,
चष्मा कपाळावर सरकवला.
"जमवणं हा छंद झाला, रेवती.
तुझा प्रश्न काय?"
प्रश्न होते माझ्याकडे, पण सगळे भलतेच :
वय तेहतीस,
मॅडम निवृत्त कधी होणार,
पाच वर्षं म्हणजे किती तासिका.

आमच्या स्टाफरूममध्ये प्रज्योत सर डॉक्टर आहेत.
काळ्या रेक्झिनमध्ये बांधलेला त्यांचा प्रबंध
कॉम्प्युटरच्या पडद्याखाली ठेवलाय, उंचीसाठी.
त्यांना विचारलं, करू का?
म्हणाले, "पान एकशे बारावर माझा एक आकडा चुकलाय.
सात वर्षं झाली.
अजून कुणाचा फोन आलेला नाही."
मग घंटा झाली
आणि ते अकरावी 'क'वर गेले,
खडूचा नवा डबा घेऊन.

परवा जेवताना मी सहज म्हटलं,
साडेबारा टक्क्यांचा हा प्लॉट
कोणत्या शेताच्या बदल्यात आला?
"सातखंडी," बाबा म्हणाले.
आई ओट्याकडे तोंड करून,
"बालंतीनीचा."
"सातखंडी बोलतान त्याला."
"बालंतीनीचा. तुमची भयीन त्याच बांधावं जलमली."
बाबांनी घास ताटात ठेवला.
एवढ्या वर्षांत दोघांनी एकाच चिखलात लावणी केली,
हा एका नावानं, ती दुसऱ्या.
माहीत असेलही त्यांना.
कुणी विचारलं नव्हतं.

रात्री वही काढली.
मापाची नावं, दिशेची, धन्याची.
आणि मधूनच
कुणी रुसलेली, कुणी बुडालेली,
कुणाची बांगडी हरवलेली.
बायका वेगळी नावं ठेवत होत्या का?
पान उलटून बघते
तर कुठलं नाव कुणी सांगितलं
ते मी कुठेच लिहिलेलं नाही.
चार वर्षांची वही.
एकशे साठ नावं, आणि बोलणारं माणूस एकही नाही.
पुन्हा सगळ्यांच्या दारात जावं लागेल.
त्यातले सहा जण आता नाहीत.

याला पदवी लागते का?
नसावी.
पदवी नसेल तर मी जाईन का, पुन्हा, सगळ्यांकडे?
इथं मी स्वतःशी खोटं बोलते,
दर वेळी निराळं.
मॅडमना हा प्रश्न पुरेल की नाही, ठाऊक नाही.
मला रात्रभर पुरला,
आणि सकाळी डोळे चुरचुरत असताना
कंटाळा मात्र कुठेच सापडला नाही.

फॉर्मची मुदत आज पाच वाजेपर्यंत.
तो पिशवीत आहे, घडी न करता,
डब्याची आमटी लागू नये म्हणून वेगळ्या कप्प्यात.
मी तळवलीला चाललेय, चांगुणाआत्याकडे.
जेवण झालं की ती आडवी होते,
त्याआधी गाठायला हवी.
जिच्या जन्मामुळे शेताला नाव पडलं
ती स्वतः त्याला काय म्हणते,
ते विचारायचं राहिलंय.