ब्रेक दाबला की दिवा

दार उघडल्यावर लागत नाही.
ब्रेक दाबला की लागतो,
छताचा तो चपटा, पिवळा दिवा.
आणि डावीकडे वळताना हॉर्न
आपणहून एकदा खाकरतो,
माजघरात शिरण्याआधी सासरे खाकरतात तसा.

आत-बाशीच्या खोऱ्यात सगळ्यांना पाठ झालंय:
खाकरली म्हणजे कालिचा डॉक्टरीण आली,
मेंढ्या बांधून ठेवा.

तीन हिवाळे हसण्यावारी नेलं.
उआझ माझ्याहून दोनच वर्षांनी लहान,
तिच्या तरी कशाकशाची तक्रार करायची.
पण परवा रात्री कुरमानालीकडे
घोडी अडली.
एप्रिल असून बर्फ भुरभुरत होतं,
विजेरी गारठून मेलेली,
आणि मला सिरिंजवरच्या रेघा वाचायच्या होत्या.
मग कुरमानालीचा एर्मेक, वय वर्षं नऊ,
माझ्या सीटवर चढून
दोन्ही पायांनी ब्रेक दाबून बसला.
चाळीस मिनिटं.
शिंगरू उभं राहिलं तेव्हा
त्याचे पाय लटलटत होते.
याचेही.

आज रविवार.
सापारबेक खिडकीतून ओरडतोय, बल्ब बदल.
बल्ब तीन बदलून झाले.
चोर सोडून संन्याशाला फाशी.
फ्यूजपेटीच्या झाकणावर आतल्या बाजूनं
कुणीतरी शिसपेन्सिलीनं रशियनमध्ये लिहिलंय:
हा काढू नये.
का, ते लिहिलेलं नाही.
मी काढला.
काही झालं नाही.
(झालं होतं. हीटर बंद पडला होता,
बोटं बधिर झाल्यावर कळलं.)

छताचं कापड खाली उतरलेलं,
गाभण मेंढीच्या पोटासारखं.
सात टाचण्या, एक माझ्याच केसांतली पिन.
उपसल्या, तसं डोक्यावर पडलं
गवत, भुसा, कुणा जुन्या मालकाचं बसचं तिकीट,
उंदराचं घरटं,
पाच कळपांची लोकर एकत्र विणलेलं.
वायर यानंच कुरतडली असणार!
नव्हती. एकही नव्हती.
कडेनं गेलेल्या सगळ्या तारा
त्यानं जशाच्या तशा ठेवलेल्या.
मी मनातल्या मनात माफी मागितली
आणि घरटं गोठ्यात नेऊन ठेवलं.

मग सापडला, दाराच्या खांबापाशी,
एक स्क्रू.
त्याच्याखाली तीन काळ्या तारा
आणि चाळीस वर्षांचा गंज.

या काळ्या तारेला अर्थ म्हणतात.
तो लागत नव्हता, इतकंच.
वीज हट्टी असते,
निघाली की तिला घरी परतायचंच असतं.
आपलं दार गंजून बसलेलं दिसलं
तर ती शेजाऱ्यांकडून वाट काढते,
त्यांच्या स्वयंपाकघरातून, जाता जाता त्यांचा दिवा लावून,
मागल्या अंगणात उतरते.
तिचं काय चुकलं?

स्क्रू हटेना. रॉकेल पाजलं, चहा प्याले,
पुन्हा रॉकेल.
हटला तेव्हा किंचाळला.
पॉलिश पेपरनं घासत राहिले,
गंजाखालून आधी रंग निघाला, गवती हिरवा
(म्हणजे ही पूर्वी हिरवी होती तर),
मग नाण्याएवढं उघडं लोखंड,
आरशासारखं.
तारांची टोकं सोलली, पिळली, वर ग्रीसचं बोट.
कापड गोंदानं चिकटवलं,
एका कोपऱ्यात फुगा राहिला, राहू दे.

ब्रेक दाबला. आत अंधार.
दार उघडलं. उजेड.
स्टिअरिंग डावीकडे घेतलं,
गप्प.
उद्यापासून मेंढ्या मोकळ्याच सापडणार.

संध्याकाळी एर्मेक आला,
आईनं दिलेला कुरुत पिशवीत घेऊन.
विचारल्याशिवाय सीटवर चढला,
दोन्ही पाय ब्रेकवर रोवले,
वर बघत राहिला.
पुन्हा दाबला. अजून जोरात.
मग माझ्याकडे वळून, हळूच,
आजाऱ्याची चौकशी करावी तसं:
बिघडली?

मी दार उघडून दाखवलं, मिटून दाखवलं,
पुन्हा उघडून.
त्याला ते फारसं पटलं नाही.