साडेतीन लिटर

खेड सोडलं तेव्हा काटा मध्यावर होता.
फुरूसच्या चढाला तो उठला,
पाहुणा निघायला उठतो तसा, हळूच,
आणि मग काही केल्या बसेचना.

मागच्या सीटवर हिराजी पावसे.
तीस वर्षं हर्णैच्या लाँचवर इंजिन सांभाळलेला,
आता सोमवार-गुरुवार माझ्या गाडीतून
चिपळूणला रक्त धुवायला जाणारा.
डाव्या हाताला पट्टी.
डोळे न उघडताच म्हणाला,
"गोडसर वास येतोय गो. एसी बंद कर. हीटर लाव."
मे महिन्यात हीटर!
"लाव. तिची आग थोडी आपल्या अंगावर घे."
लावला. वारा आला तो गारच.
"मंग पाणीच नाय आत. उभी कर."

काजूच्या सावलीला उभी केली.
बॉनेट उघडलं, झाकणाकडे हात गेला माझा
तर एवढ्या जोरात ओरडला
की चार तास मशीनला जोडलेला माणूस वाटेना.
"दर्याचा दगा परवडला, ह्या झाकणाचा नाय.
रबरी नळी हाताने दाबता येऊ दे आधी."

अर्धा तास.
एक एसटी गेली, एक आंब्याचा टेम्पो.
कोणी थांबलं नाही.
मला त्याने गुडघ्यांवर बसवलं
आणि स्वतः उघड्या दारातून चौकशी:
नळीची क्लिप ओली?
कोरडी.
रेडिएटरच्या पापुद्र्यांत पांढरा खार?
नाही.
ऑइलची काडी ओढ. दुधाचा चहा झालाय?
नाही काका, काळं आहे. नुसतं काळं.
"मंग डोकं शाबूत आहे तिचं," म्हणाला,
आणि पहिल्यांदा नीट श्वास सोडला.

गाडीखाली पुठ्ठा सरकवला,
त्याच्याच रिपोर्टांच्या फाइलचा.
बघत बसलो.
एक थेंब. हिरवा.
पट्ट्याच्या बाजूला.
मग बराच वेळ काही नाही.
मग दुसरा, तिथंच.

"पंप," तो म्हणाला.
"त्याच्या पोटाला बारीक भोक असतं.
आतलं सील गेलं की तिथून रडतो.
चालताना धार, उभी राहिली की थेंब.
बनवणाऱ्यानेच ठेवलेलं असतं ते, मुद्दाम.
भोक नसतं तर गपचूप बेअरिंग खाल्लं असतं त्यानं,
आणि मग भर दर्यात..."
पुढे बोलला नाही.
पट्टीवरून बोट फिरवत राहिला.

वरच्या वाडीतून कळशी आणली.
त्या बाईच्या विहिरीला तळ दिसत होता,
तरी काठोकाठ भरून दिली.
झाकण फडक्यात धरून सोडवलं,
ओतत गेले, बुडबुडे यायचे थांबेतो.

"किती प्यायली?"
"साडेतीन लिटर असेल."
हसला.
त्याची बाटली काढून दाखवली मला,
सुनेने मार्करने रेघा मारलेली.
दिवसाला एक लिटर, त्यात चहा, त्यातच आमटी.
"माझे साडेतीन दिवस गो. एका दमात."
मग शेवटच्या रेघेखालचा एक घोट घेतला
आणि गिळला नाही,
दापोलीचा फाटा दिसेपर्यंत तोंडात धरून बसला.

चाळीसच्या वर नेली नाही.
हीटर आता भट्टीसारखा,
काचा खाली, दोघंही निथळतोय.
"घाम येतोय मला," तो म्हणाला,
मुलगा पास झाल्यासारखा.
"तेवढंच बाहेर."

दापोलीचा रियाझ म्हणतो पंप बुधवारी येईल.
बुधवार चालेल.
गुरुवार चालणार नाही, हे त्याला दोनदा सांगितलं.

रात्री साडेनऊला हिराजीकाकांचा फोन.
मला वाटलं हात सुजला.
"अंगणात उभी केलीस ना गाडी?
खाली माती टाक.
कोंबड्या डालग्याखाली झाक, कुत्र्याला बांध.
गोड असतं ते, चाटतात.
गोडच असतं गो विष, खारं असतं तर
आपल्याकडे कोण मेलं असतं?"