दोन ते चार

दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं.
मंगळबाजार उन्हाकडे पाठ करून बसतो,
जसुभाई काउंटरमागे पेंगतात
आणि आम्ही तिघी लेसच्या खोक्याला फोन टेकवून
लेडी ऑगस्टाच्या बंगल्यात शिरतो.

खून झालाय. कुणाचा, ते पहिल्याच दिवशी विसरलो.
खाली यादी येते, बारा वस्तूंची.
मेणबत्ती, कात्री, वटवाघूळ, क्विल.
क्विल म्हणजे काय? शर्वाणीने लेकाला फोन लावला.
तो म्हणाला, पीस.
तिला इतकी चिडलेली मी कधी पाहिली नव्हती:
"मग पीस म्हणा ना सरळ!
पीस मला मघापासून दिसतंय,
त्या उंदराच्या मिशीला लागून."

नफीसाबेनचं म्हणणं निराळं.
चित्रं बाकी झकास, हं,
पण झुंबरात केळं? पियानोत खेकडा?
या घरात कोणी झाडू मारतं की नाही?
ज्याने एवढा पसारा केला
त्यालाच धरा आधी, खुनी तोच.

धवल, शेठचा भाचा, जाता-येता हसतो.
बायकांची गेम. ना गोळी, ना गाडी.
परवा चार्जिंगला लावलेला त्याचा फोन वाजला
म्हणून पाहिलं, तर हा लेव्हल चव्वेचाळीसवर!
आम्ही एकतिसावर.
मग कबूल झाला: जाहिराती फार येतात,
हिंट भरायला वेळ लागतो,
आपण तीन तारे दिलेत.

मला कोणी विचारलं नाही.
बावीस वर्षं मी हेच करते, पगारावर.
बाई मुठीतून एक बटण काढते,
"अगदी असंच, पण चार भोकांचं, आणि जरा जुनं दिसणारं."
समोर अडीच हजार डब्या.
अशा वेळी शोधायचं नसतं.
नजर सैल सोडायची, गाठ मारायच्या आधी
दोरा सोडतो तशी,
आणि मग हात आपोआप जातो
तिसऱ्या फळीवर, डावीकडे.
त्या गेममध्ये घाईने चारदा चुकीचं टोचलं
तर पडदा धूसर होतो, शिक्षा म्हणून.
इथे बाई नुसतीच समोरच्या दुकानात जाते.

विश्वामित्रीचं पाणी शिरलं त्या साली
सगळ्या डब्या एक झाल्या.
पाणी ओसरलं तेव्हा दुकानात
गुडघाभर चिखल आणि चिखलात बटणं,
लाकडी, शिंपल्याची, पितळी, शेरवानीची, झबल्याची.
यादी नव्हती.
आम्ही तिघी टबात हात घालून बसलो,
धुवायचं, वाळवायचं, जागेवर ठेवायचं,
दिवाळी आली आणि गेली.
शर्वाणीची बोटं सोलवटली.
नफीसाबेनने रोजा सोडून फक्त कुरबुर केली नाही
असं एकही काम त्या वर्षी उरलं नाही.
बटणांत बटणं नसलेलंही निघालं:
एक वाळं, कानात घालायचं यंत्र,
कुणाच्या तरी कपाटाची किल्ली.
सगळं एका डबीत घातलं. चिठ्ठी लावली नाही.
लावून काय लिहिणार?
अजून कोणी विचारायला आलेलं नाही.

म्हणून मला ती गेम आवडते, आणि एक गोष्ट खटकते.
तिथे वस्तू सापडली की नाहीशी होते.
बोट लावलं, चमकली, गेली.
कुठे ठेवायची, हा प्रश्नच नाही.

काल संपली एकदाची.
खुनी डॉक्टर निघाला. शर्वाणीला पहिल्यापासून
त्याच्या हातमोज्यांचा संशय होता.
फटाके उडाले, अभिनंदन म्हणून अक्षरं आली.
नफीसाबेन चष्मा वर करून बघत राहिली:
"खेकडा गेला, केळं गेलं,
पण घर बघ ना, जसंच्या तसं."

चार वाजले होते.
उंबऱ्यावर एक म्हातारे गृहस्थ,
रुमालात बांधलेलं अर्धंच बटण.
बाकीचं अर्धं? म्हणाले, धोब्याकडे गेलं.
मी दिव्याखाली धरलं. शिंपला. बहुधा कोटाचं.
म्हटलं, बसा काका,
लागेल वेळ.